बोलणारी खेळणी आणून पोरं वाचायला लागतात का? (वय साडेपाच, बजेट तीन हजार)

चिऊची_आई | सोम, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. आधी यावर चर्चा झाली असेल तर लिंक द्या, मला एक जुना धागा सापडला पण त्यात सगळे सीडीबद्दल बोलतायत.

तर लेक साडेपाच वर्षांची, सीनियर केजी, इंग्रजी माध्यम, घरात पूर्ण मराठी. शाळेत फोनिक्स (अक्षरांच्या आवाजावरून वाचायला शिकवणं) आहे त्यामुळे कॅट मॅट रॅट धडाधड वाचते. मराठीची अक्षरं सुटी सुटी सगळी येतात, पण 'कमळ' दाखवलं की क... म... आणि मग माझ्या तोंडाकडे बघत बसते. गोष्टी ऐकायचं वेड आहे, रात्री तीन झाल्याशिवाय डोळा मिटत नाही, पण आता तू वाच म्हटलं की "तूच वाच ना गं". पुढच्या महिन्यात वाढदिवस. सासूबाई आणि माझी आई दोघींनी मिळून तीन हजार दिलेत आणि वर तंबी की काहीतरी वाचायला लागेल असं घे, परत बाहुली नको.

ऑनलाइन बघितलं आणि डोकं गरगरलं. बोलणारं पुस्तक, बोलणारं पेन, कार्ड आत सरकवलं की बोलणारं मशीन, लॅपटॉपसारखा दिसणारा पण लॅपटॉप नसलेला एक डबा. सगळ्यांवर इंटरॅक्टिव्ह असं लिहिलेलं. आणि माझं एकदा तोंड पोळलंय. गेल्या दिवाळीत भिंतीवर लावायचा बोलणारा तक्ता आणला, खोक्यावर 'मराठी' छापलेलं, घरी आल्यावर कळलं की ळ नाहीच्चे, आणि ज्ञ दाबलं की बाई म्हणते "ग्य". लेक आठवडाभर "ग्यानेश्वर" म्हणत फिरत होती. माझे सासरे आळंदीचे. त्यांचा चेहरा मी इथे वर्णन करत नाही.

घरी मुलं असलेल्यांनी स्वतः वापरलेलं सांगा प्लीज, साइटवरचे रिव्ह्यू वाचून झालेत.

निवांत_पेठकर | सोम, रात्री ११:०५

तीन हजारात अप्पा बळवंत चौकात पिशवीभर पुस्तकं येतात. खेळणी कशाला?

चिऊची_आई | सोम, रात्री ११:११

पुस्तकं आहेत हो काका, दोन कप्पे भरलेत. ती उघडत नाही हाच तर प्रॉब्लेम आहे.

वायरमन | मंगळ, सकाळी ७:२०

बोलणाऱ्या पेनाबद्दल सांगतो कारण मी एक उघडून बघितलंय (बायकोने अजून माफ केलेलं नाही). ते पेन अक्षर वाचत वगैरे काही नाही. पुस्तकाच्या पानावर डोळ्याला जेमतेम दिसतील असे बारीक ठिपके छापलेले असतात, पेनाच्या टोकात इन्फ्रारेड दिवा आणि छोटा कॅमेरा असतो. ठिपके कार्बनच्या काळ्या शाईत असतात, ती इन्फ्रारेड शोषते, बाकीचं चित्र ज्या शायांत छापलेलं असतं त्या शोषत नाहीत, त्यामुळे पेनाला चित्र दिसतच नाही, फक्त ठिपके दिसतात. ठिपक्यांच्या मांडणीतून एक नंबर निघतो आणि त्या नंबरची आवाजाची फाइल वाजते, संपला विषय.

म्हणून दोन गोष्टी. एक म्हणजे त्या पेनाला त्याच कंपनीची पुस्तकं लागतात, तुमच्या कप्प्यातल्या पुस्तकांवर ते मुकं. पेन स्वस्त आणि पुस्तकं महाग हा सगळा धंदा तिथेच आहे, तेव्हा घेण्याआधी मराठी पुस्तकं किती आहेत ते मोजा. आमच्याकडे पाच पुस्तकं आली त्यात मराठी एकच होतं, ते पण फळं भाज्या. दुसरी म्हणजे काही पेनांसोबत कोरे स्टिकर येतात ज्यावर आपला आवाज रेकॉर्ड करता येतो. हे मात्र भारी प्रकरण आहे, घ्यायचंच असेल तर असलं घ्या, म्हणजे ज्ञ तुमच्या सासऱ्यांकडूनच म्हणवून घेता येईल.

आणि बॅटरीचं झाकण स्क्रूचं आहे का बघा, नुसतं सरकवायचं असेल तर घेऊ नका. घरात लहान भावंड असेल तर विशेष. चपटी बटण बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. उलटी वगैरे काढत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

आयएसआय शिक्का पण बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे, बॅटरीवाल्यांना आयएस १५६४४ आणि साध्यांना आयएस ९८७३ लागू होतं. शिक्क्याखाली सीएम/एल नंबर असतो तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की खरा की खोटा ते कळतं. फूटपाथवर मिळतात त्यातल्या बऱ्याच खेळण्यांवर काहीच नसतं.

मुळाक्षर | मंगळ, दुपारी ३:३५

बालवाडीत बावीस वर्षं काढली आहेत त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

चिऊच्या आई, तुमची लेक अडलीय ती अगदी बरोबर जागी अडलीय, काळजी करू नका. अक्षर ओळखणं वेगळं आणि दोन अक्षरं एका श्वासात जोडणं वेगळं. तक्ते, बोलणारी खेळणी, फ्लॅशकार्ड हे सगळं ओळखण्यावरच फिरत राहतं कारण ते विकायला सोपं, दाबलं की बोललं. जोडण्यासाठी अक्षरं हातात येऊन हलली पाहिजेत. माँटेसरीच्या सुट्या अक्षरांचं तत्त्व हेच. वर्गात मी पुठ्ठ्याची वापरायची, आता लाकडाची, फोमची, फ्रिजला चिकटणारी सगळी मिळतात.

पण मराठी संच घेताना दुकानात खोकं उघडून बघा, लाजू नका. ळ आहे का. काना, वेलांट्या, उकार, मात्रा वेगळे सुटे आहेत का, की नुसती क ते ज्ञ अक्षरं दिलीत. काना नसेल तर त्या संचात 'मामा' सुद्धा लिहिता येत नाही. म, क, र यांच्या दोन-दोन प्रती आहेत का. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का हिंदी वळणाचे, शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वळणं ठरवून दिलीत आणि पुढे शाळेच्या पुस्तकात तीच येणार.

आणि हो, सगळी अक्षरं एकदम ओतू नका समोर. मी म, न, क, र, घ आणि काना एवढ्यावर तीन आठवडे काढते. घर, नाक, कान, मान, काका, मामा, कमान, कर, मर (हा शब्द पोरांना फार आवडतो). मग प, ल, स. जी जोडी गोंधळात टाकते ती बरोबर कधीच काढायची नाही, घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व. ख तर निम्मी पोरं रव वाचतात, तसा दिसतोच तो. पहिली वेलांटी सगळ्यात शेवटी कारण ती कागदावर अक्षराच्या आधी येते आणि तोंडात नंतर, पोरांना वाटतं आपल्याला फसवलं.

खेळणं कुठलंही घ्या, मी एकच प्रश्न विचारते. हे खेळायला वाचावं लागतं का? न वाचता खेळता येत असेल तर पोर न वाचताच खेळणार, हुशार असतात ती.

आयटीवाला_बाबा | मंगळ, रात्री ११:५०

हे सगळं बरोबर आहे पण थोडं दुसऱ्या बाजूने लिहितो. मी हिंजवडी फेज थ्री, बायको खराडी, घर सिंहगड रोडला. घरी पोचेपर्यंत साडेआठ. सुटी अक्षरं घेऊन तीन आठवडे बसायचं कुणी? आम्ही बोलणारं पेन घेतलं, मुलगा तेव्हा पाचचा होता, सांभाळायला येणाऱ्या मावशींना वाचता येत नाही, तो दुपारभर पेन घेऊन बसायचा आणि मावशीच त्याच्याबरोबर ऐकायच्या. वाचायला लगेच लागला नाही हे मान्य, पण पुस्तक हातात धरायची सवय लागली, पानं उलटायची सवय लागली. ते काहीच नाही का? पेन बिघडलं तेव्हा पुस्तकं तशीच बघत बसायचा. दरवेळी आईबाप वेळ देत नाहीत यावर गाडी येऊन थांबते, ते ऐकून आता कान किटले.

उच्चारवाली | बुध, सकाळी ९:१५

आयटीवाला_बाबा, तुम्हाला कुणी काही म्हटलेलं नाहीये हो अजून.

पण मुद्दा रास्त आहे. मी स्पीच थेरपिस्ट आहे, आमच्याकडे येणारे आईवडील हेच म्हणतात. २०१६ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, १० ते १६ महिन्यांची बाळं आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्या, घरीच खेळताना रेकॉर्डिंग केलं. आवाज करणारी इलेक्ट्रॉनिक खेळणी असताना आईबापच कमी बोलले, बाळंही कमी बोलली, पुस्तक हातात असताना सगळ्यात जास्त बोलणं झालं. म्हणजे खेळणं बोलायला लागलं की माणसं गप्प होतात. पण ती बाळं होती, साडेपाच वर्षांच्या मुलीला तो निष्कर्ष जसाच्या तसा चिकटवता येणार नाही, आणि तुमच्या मावशी तर बरोबर बसून ऐकत होत्या म्हणताय, तो मुलगा एकटा नव्हताच.

मला बोलणाऱ्या खेळण्यांची खरी अडचण वाटते ती उच्चारांची. ज्ञ आणि ळ तर झालंच. आपल्याकडे चमचा आणि चिमणी यातला च एक नाही, चारा आणि चार यातलाही नाही. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जगणं, लिहायला एक, जीभ दोन ठिकाणी लागते. हिंदीवरून केलेल्या खेळण्यात सगळीकडे चिमणीचाच च. ऋषी तिकडे रिशी होतो. मूल घरात बरोबर ऐकत असेल तर विशेष बिघडत नाही, आपोआप सुटतं, पण घरातही बोलणं इंग्रजीच असेल तर मग तेच बसतं.

जाता जाता, सहासात वर्षांच्या मुलाला भरपूर सराव करूनही अक्षर जोडता येत नसेल, घरात कुणाला वाचायला त्रास झाला असेल, तर खेळणी बदलत बसू नका, तपासून घ्या. चिऊला तसं काही दिसत नाहीये मला.

निवांत_पेठकर | बुध, सकाळी ९:४०

हिंदीचा तक्ता घेऊन वर मराठीचा स्टिकर मारतात. पैसे परत मागितलेत का?

चिऊची_आई | बुध, सकाळी १०:०२

मागितले. "बोलतो ना? मग बिघडलेला नाही" असं उत्तर मिळालं.

सदाशिव_आजोबा | बुध, सायंकाळी ६:१०

मी निवृत्त बँकवाला, नातवाने मला कामाला लावले आहे. आमच्याकडे एक रुपया खर्च नाही तो खेळ सांगतो.

रोज दुपारी चार वाजता मी पाच चिठ्ठ्या लिहितो. पहिली त्याच्या हातात. 'उशी बघ'. उशीखाली दुसरी, 'काका कपाट'. कपाटापाशी तिसरी. शेवटच्या ठिकाणी राजगिऱ्याची वडी. पहिल्या दिवशी त्याने चिठ्ठी माझ्याच हातात दिली आणि वाचा म्हणाला. मी म्हटले माझा चष्मा सापडत नाही. (खिशात होता.) दहा मिनिटे भोकाड पसरले, मग उ... शी... असे केले आणि पळाला. आता तोच माझ्यासाठी चिठ्ठ्या लिहितो आणि शेवटी वडीचे रिकामे कागद असतात.

दुसरे म्हणजे बस. आम्ही दोघे स्टॉपवर उभे राहतो, कुठे जायचे नसते. पाटी वाचायची, आणि मग बस सोडून द्यायची. 'मनपा' हा शब्द देवाने नवशिक्यांसाठीच केला असावा, तीन अक्षरे, एक काना. मग 'वारजे', मग 'कोथरूड'. 'कात्रज'ला आम्ही पंधरा दिवस अडलो होतो. 'स्वारगेट' अजून बाकी आहे. एक कंडक्टर ओळखायला लागले आहेत, ते दारातून ओरडतात, "आज तरी बसता का काका?"

वायरमन | बुध, सायंकाळी ६:३२

+१०००. मुळाक्षर ताईंच्या प्रश्नाला याहून भारी उत्तर नाही.

मुळाक्षर | बुध, रात्री ८:०५

आजोबा, चष्मा खिशात ठेवायची युक्ती चोरतेय. मनपा तर माझ्या यादीत आलाच पाहिजे, म न आधीच आहेत, नुसता प वाढवायचा!

भुंगा_२२ | बुध, रात्री ९:२०

खेळणं नाही पण फुकटातलं सांगते, स्टोरीवीव्हर बघा, प्रथम बुक्सचं आहे, २०१५ पासून चालू, मराठी गोष्टी ढीगभर आणि वाचनाच्या पातळ्या लावलेल्या, पहिल्या पातळीत पानावर एखादंच वाक्य असतं. खुल्या परवान्याची असल्यामुळे प्रिंट काढायला पण हरकत नाही. मी ऑफिसात (शू) प्रिंट काढून, वाक्यं कापून, चित्रं वेगळी वाक्यं वेगळी करते आणि पोरीने जोड्या लावायच्या. पूर्वी पुण्यातल्या आयुका या विज्ञान संस्थेत असलेल्या अरविंद गुप्तांच्या साइटवरही मराठी पुस्तकं फुकट आहेत आणि कचऱ्यातून खेळणी करायचे उद्योग तर विचारूच नका, आमच्याकडे एक स्ट्रॉ सरळ राहिलेली नाही. जरा मोठी झाली की बालभारतीचं 'किशोर' लावा, १९७१ पासून निघतंय, जुने अंक पण ऑनलाइन आहेत, ते माझ्यासाठीच वाचते मी.

आयटीवाला_बाबा | गुरु, सकाळी ८:४५

स्क्रीन नको म्हणूनच तर पेन घेतलं होतं ना. पण प्रिंटची आयडिया मस्त, थँक्स. आणि आजोबा, तुम्ही भाड्याने मिळता का?

सदाशिव_आजोबा | गुरु, सकाळी ९:००

राजगिऱ्याची वडी द्यावी लागेल.

चिऊची_आई | रवि, रात्री ९:३०

काल सकाळी मंडईत गाडी लावून आधी तुळशीबाग मग अप्पा बळवंत चौक असा फेरफटका मारून आले. चार दुकानं. पहिल्या तिघांकडच्या संचात ळ नाही किंवा काना नाही. चौथ्या दुकानातले काका, मी खोकं उघडायला सांगितलं तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, खोकं उघडलं तर घ्यावं लागेल." मी म्हटलं ळ असेल तर घेईन. ते म्हणाले, "आणि नसेल तर?" मी म्हटलं तर तुम्हालाच कळेल की नाहीये. पाच सेकंद शांतता. मग उघडलं. ळ होता! दोन होते! मात्रा, वेलांट्या सगळं सुटं. चुंबकाचा संच, ४५० रुपये. पण चुंबक मागे पक्का बसवलाय का ते ओढून बघितलं (वायरमन दादा, तुमच्या बॅटरीच्या पोस्टचा परिणाम), तेवढ्यात काका म्हणाले, "तोडू नका."

आणि हो, पेन पण घेतलं, रेकॉर्ड करायच्या स्टिकरवालं, मोह आवरला नाही. उरलेल्या पैशांची पुस्तकं, निवांत काका खूश व्हा.

निवांत_पेठकर | रवि, रात्री ९:४१

व्यवहारात सवलत किती मिळाली?

चिऊची_आई | रवि, रात्री ९:४४

पिशवी फुकट दिली.

चिऊची_आई | सुमारे दीड महिन्यानंतर, शनि, दुपारी २:१५

धागा वर काढतेय, बऱ्याच जणांनी माझ्या विचारपूस पानावर विचारलं म्हणून.

पेनाचं आधी सांगते. सासऱ्यांनी सगळी मुळाक्षरं रेकॉर्ड केली, तीन रविवार लागले, कारण ज्ञ मनासारखा येईपर्यंत ते परत परत करत होते. साताऱ्याहून माझी आई आली होती तिने शब्द बोलून ठेवले, घरभर स्टिकर, दार, ताट, झोपाळा. चिऊने एक आठवडा टोचून टोचून ऐकलं आणि सोडलं. आता पेन आजोबाच वापरतात, दुपारी एकटे बसून आज्जीचं "झोपाळा" ऐकतात. पैसे वाया गेले म्हणवत नाही.

अक्षरांनी मात्र कमाल केली. म न क र घ काना एवढीच फ्रिजवर, बाकीची डब्यात वर ठेवलेली. पहिला आठवडा ढिम्म. दुसऱ्या आठवड्यात मी पोळ्या करताना मागे टक टक चालू होतं, वळून बघितलं तर 'मामा', आणि त्याच्या खाली 'मर'. (ताई!!) मग स्वतःचं नाव हवं झालं, म्हणून मी वेलांटी काढून दिली. तिने आधी च लावला, मग वेलांटी त्याच्या पुढे, मग ऊ. मी उचलून वेलांटी च च्या अलीकडे ठेवली तर परत पलीकडे. तीनदा. "मी आधी च म्हणते ना, मग इ म्हणते!" आणि बरोबरच आहे तिचं, काय सांगणार. शेवटी तिनेच ठरवलं की वेलांटी च ची पर्स आहे, जायच्या आधी घ्यावी लागते.

चिठ्ठ्या रोज चालू आहेत. तूच वाच ना अजून म्हणते, पण रात्रीच्या तीन गोष्टींतलं एक पान तिचं असं ठरलंय, आणि पान ती निवडते, म्हणजे सगळ्यात कमी शब्दांचं.

आणि परवाचं. सासरे सकाळपासून चष्मा शोधत होते, सगळं घर उलथंपालथं. फ्रिजवर पाहिलं तर अक्षरं लावलेली, 'आजोबा चषमा फरीज मधे'. उघडलं तर दह्याच्या पातेल्याशेजारी चष्मा. गार.

सदाशिव_आजोबा | शनि, दुपारी २:३१

शाब्बास पोरी! खिशापेक्षा फ्रिज उत्तम.

निवांत_पेठकर | शनि, दुपारी २:५०

पोटफोड्या ष बरोबर वापरलाय. हा कुठून शिकली?

चिऊची_आई | शनि, दुपारी २:५३

कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाची पाटी. आजोबांबरोबर जाते ना भाजीला.